‘झालं’ म्हटल्यानंतर

माझ्या नणंदेवर माझा विश्वास नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. बाई वाईट नाहीत. कुणाचं चोरणार नाहीत, कुणाच्या पाठीमागे बोलणार नाहीत. पण जिने आपल्या कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून ठेवली आहे, म्हणजे कॅमेरा चालू की बंद हे समोरच्याला कळूच नये, तिच्यासमोर मी सैल कशी बसणार? त्या घरी आल्या की आधी मी केस सारखे करते, मग त्यांची बॅग कुठे ठेवलीय ते बघते, आणि मगच चहाचं आधण ठेवते.

आमचे हे त्यांना ‘छोटी’ म्हणतात. छोटीने पन्नाशी ओलांडली आहे आणि दारातून येताना ती वाकून येते, तरी छोटीच. मी वन्सं म्हणते. प्रदर्शनाच्या पत्रिकेवर ‘व्हिडिओ कलाकार’ असं छापतात, पण तो धंदा की छंद हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. पोट भरतं ते लग्नांच्या शूटिंगवर. कलेवर फक्त विजेचं बिल येतं.

ही कला त्यांना लागली तीसुद्धा एका लग्नातच. मुलीच्या वडिलांचं हसतमुख शूटिंग चाललं होतं. वन्सं ‘झालं’ म्हणाल्या आणि कॅमेरा बंद करायला विसरल्या. घरी येऊन बघतात तर ‘झालं’ म्हटल्याबरोबर त्या गृहस्थांचं हसू पुसल्यासारखं गेलेलं, ते खुर्चीत बसले, एक बूट काढला आणि त्या बुटाच्या आत बराच वेळ बघत राहिले. बस, एवढंच. गिऱ्हाइकाने तो तुकडा कापायला लावला. वन्संनी तो कापला आणि जपून ठेवला. तेव्हापासून हाच त्यांचा नियम झाला. माणसाला ‘झालं’ म्हणून सांगायचं, मान खाली घालून स्टँड आवरायचं सोंग करायचं, आणि कॅमेरा चालूच ठेवायचा. या उरलेल्या तुकड्याला त्या ‘शेपूट’ म्हणतात. त्यांच्या मते माणूस खरा असतो तो शेपटात. आधीचं सगळं नाटक.

मी म्हटलं, “याला आमच्याकडे लबाडी म्हणतात.”

“वहिनी, तुझ्या शेपटात तू फार गोड दिसतेस,” त्या म्हणाल्या. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

त्यांची खोली एकदा बघण्यासारखी आहे. पलंग कोपऱ्यात, तोही केबलींनी भरलेला, आणि मधोमध जमीन मोजणाऱ्या लोकांचं जुनं लाकडी स्टँड. नवीन हलकी स्टँडं मिळत असताना हा ओंडका का, तर म्हणे तो हलत नाही. कॅमेरा टेपवर चालणारा, बाजारातून केव्हाच हद्दपार झालेला. त्याच्या झूमच्या बटणावर त्यांनी जखमेवर लावायची पट्टी चिकटवली आहे. “जवळचं बघायचं तर उठून जवळ जावं. झूम ही आळशांची सोय,” असं त्यांचं म्हणणं. आपोआप फोकस धरण्याची सोयही बंद, कारण काय बघायचं ते मशीनने ठरवायचं नाही. एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराकडून त्या हे सगळं आणतात आणि प्रत्येक वेळी तो आपल्याला फसवतोय अशा खात्रीने आणतात. संशयाचा मक्ता काही एकट्या माझ्याकडे नाही.

स्फूर्ती म्हणून लोक समुद्रावर जातात, डोंगरावर जातात. वन्सं दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसतात. काही दुखत-खुपत नसताना. वाट बघणारी माणसं बघायला. तिथल्या नंबर लावणाऱ्या बाईला बरेच दिवस वाटत होतं की या वरून तपासणीला आल्यात, म्हणून ती त्यांना पाणी आणून द्यायची. शिवाय त्यांच्या इमारतीतली लिफ्ट. तिचं दार लागताना आतल्या माणसाचा चेहरा कसा बदलतो, यावर त्यांनी मोठी फिल्म केली आहे. ती मी पूर्ण पाहिली. मला झोप लागली नाही एवढं कौतुक मी करू शकते.

आता मूळ गोष्टीवर येते.

दरवर्षी ह्यांच्या वाढदिवसाला वन्सं आमच्या इमारतीच्या जिन्याखाली स्टँड लावायच्या. हे जिना उतरायचे, खालचा बोळ ओलांडायचे आणि दारातून बाहेर जायचे. बास. जमिनीवर चिकटपट्टीची फुली, तिथेच स्टँड, तीच उंची, तीच चौकट. हे तरुण होते तेव्हापासून. आमच्या लग्नाच्या वर्षी मी विचारलंही होतं, “उतरतानाच का? चढतानाही घ्या, माणसाला बरं वाटेल.” यंदा मात्र या जिन्याला भाव आला. ज्या कलादालनात आजवर वन्संना कुणी बस म्हटलं नव्हतं, तिथल्या बाईंनी स्वतः फोन केला. एक अख्खी भिंत, आणि भिंतीवर ह्यांची सगळी वर्षं एकावर एक, धुरकट, सगळी एकाच वेळी जिना उतरताहेत. वन्सं आनंदाने दोन दिवस जेवल्या नाहीत.

ह्यांचंही त्याच महिन्यात नशीब उघडायचं होतं. हे क्रेन चालवतात. उभं आयुष्य जमिनीवरच्या चाकाच्या क्रेनवर काढलं. वर बघायचं, कुणीतरी उंचावरच्या केबिनमध्ये बसलेला, आणि आपण खाली त्याच्या सावलीत. आता बांधकामावर नवी उंच क्रेन उभी राहिली होती, प्रशिक्षण झालं होतं, कामावरच्या डॉक्टरांनी डोळे आणि रक्तदाब बघून सही केली होती, आणि सोमवारपासून हे वर चढणार होते. आमच्या खिडकीतून ती क्रेन दिसायची. सकाळी उठल्यावर हे आधी तिच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी त्याबद्दल बोलले नाही, पण लक्षात ठेवलं होतं.

आणि नेमकं याच वेळी मला वाटायला लागलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

जन्मभर शर्ट घालणारा माणूस अचानक टी-शर्ट घालायला लागला. विचारलं तर म्हणे, “हवेशीर वाटतं.” या वयात? चालताना उजवा हात खिशात, सिनेमातल्या पोरांसारखा. चहा अर्धाच कप हवा, आणि तोही मोठ्या मगात. बाथरूममध्ये दार लावून पाऊण तास. दाढी करायला एवढा वेळ नवरदेवाला लागत नाही. मी साबणाचे वास घेतले, खिसे तपासले. काही सापडलं नाही, म्हणून संशय आणखी वाढला. त्यात बहीण-भावाचे फोन. मी खोलीत आले की हे “बघू नंतर” म्हणून फोन ठेवायचे. मला वाटलं, बाई कोण आहे ते बहिणीला माहीत आहे आणि दोघं मिळून मला खुळी समजताहेत.

यंदाचा जिना काही केल्या वन्संच्या मनासारखा होईना. एकदा घेतला, पुन्हा आल्या, पुन्हा घेतला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून ऐकत होते.

“दादा, तू नाटक करतोयस,” वन्सं म्हणाल्या.

“चालतोय फक्त.”

“हात बघ केवढा हलवतोस. कवायत आहे का? दरवर्षीसारखा चाल.”

“दरवर्षीसारखाच चालतोय,” हे म्हणाले आणि जिना परत चढून आले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. खाली वन्सं स्टँडच्या पायाशी वाकल्या होत्या, म्हणजे शेपूट चालू असणार, हे मला ठाऊक होतं. हे मात्र कधीच ध्यानात ठेवत नाहीत. ‘झालं’ म्हटलं की झालं, असा भोळा माणूस.

“जुनाच वापर ना,” ते वरूनच म्हणाले. “गेल्या वर्षीचा यंदाचा म्हणून लाव. कुणाला कळतंय?”

वन्संनी मान वर केली. भावाच्या तोंडून असलं काही येईल असं त्यांना वाटलं नसावं. आणि मला वाटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय आणि आता बहिणीपासूनसुद्धा लपवतोय. म्हणजे ती बाई वगैरे बहिणीला माहीत नाही. हा तर्क मला फार हुशारीचा वाटला.

पुढचे काही दिवस वन्संनी आपल्या मशीनवर राग काढला. जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला त्यांनी फोनवर फैलावर घेतलं. टेपेत चित्र अडकतंय, टेप वाचणारं डोकं घासलंय, तुम्ही मला भंगार विकलं. त्याने दुसरा कॅमेरा दिला. तोही अडकतो म्हणून परत. मी मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. मग एका दुपारी त्या आमच्याकडे आल्या आणि मला म्हणाल्या, “वहिनी, तू जरा जिना उतरून दाखव.”

“मी? माझं शेपूट हवंय तुम्हाला?”

“कॅमेरा तपासायचाय. फक्त चाल.”

मी उतरले. हे कामावर होते. वन्संनी सामान आवरलं. “माझ्याबरोबर चल,” म्हणाल्या. आवाज असा होता की मी चपला घातल्या.

त्यांच्या खोलीत जुना जाड टीव्ही आहे, काम बघायला त्या तोच वापरतात. त्यांनी मला केबली सरकवून पलंगावर बसवलं. आधी माझी चाल लावली. दोन्ही हात आपले हलताहेत, थोडी बदकासारखी चालते मी, ते असो. मग त्यांनी ह्यांचं गेल्या वर्षीचं चित्र लावलं आणि त्यावर यंदाचं ठेवलं, दोन्ही अर्धी पारदर्शक. ही त्यांची नेहमीची पद्धत, एकावर एक ठेवून जुळवण्याची. जिना जिन्यावर बसला, दार दारावर बसलं. मधून दोन नवरे उतरले. यंदाचा उजवा हात खरंच जोरात हलवत होता, सैनिकासारखा.

“हे ‘झालं’ म्हणायच्या आधीचं,” वन्सं म्हणाल्या. “आता नंतरचं.”

नंतरचं म्हणजे हे दाराशी पोचून परत वळतात, जिन्याकडे येतात. डावा हात हलतोय, पाय चालताहेत. उजवा हात कोपरात किंचित दुमडून अंगाला चिकटलेला. हलतच नाही. त्यांनी दुसरा प्रयत्न लावला, तिसरा लावला, दुसऱ्या कॅमेऱ्याचा लावला. सगळ्या शेपटांत तेच. एकात हे जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबले होते, आणि खाली लोंबणाऱ्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होती, जणू चिमटीत कसली पूड धरली आहे.

“चित्र अडकतंय असं वाटलं मला,” वन्सं म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. “वन्सं, कॅमेरा तेवढा एक हातच कसा अडकवेल?”

त्यांनी टीव्ही बंद केला. “मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं, वहिनी. पण मला मशीन खराब निघायला हवं होतं. म्हणून दुसरं आणलं, तिसरं आणलं. आज तुला चालवलं, तेव्हा म्हणायला काही उरलं नाही.”

मला तोवर शर्टाची बटणं आठवायला लागली होती. अर्धा कप. खिसा. बाथरूममधला पाऊण तास. “बघू नंतर” म्हणून टाळलेले जिन्याचे फोन. माझ्या डोळ्यांसमोर, एका ताटलीएवढ्या अंतरावर, आणि मी मेली साबणाचे वास घेत बसले. मला त्या क्षणी वन्संचा राग आला, ह्यांचा आला, आणि मग माझा इतका आला की मी तिथेच केबलींवर बसून रडले. नवऱ्याची दुसरी बाई असती तर परवडलं असतं, असंही मनात आलं. आलं ते आलं, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी हे घरी आले तेव्हा आम्ही दोघी बसलो होतो. मी सरळच विचारलं, “हात कधीपासून?”

ते उभेच राहिले. मग बसले. दुसऱ्याच एका डॉक्टरकडे एकटेच जाऊन आले होते, बऱ्याच आधी. कंपवाताची सुरुवात. औषधाने थोपवता येतो, जात नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, काम काय करता? ह्यांनी सांगितलं होतं, ऑफिसात बसतो.

“दोन्ही हातांत दांडे असतात वर,” मी म्हटलं. “खाली माणसं असतात.”

“औषध घेतलं की चांगला असतो हात. मला माझ्या हाताची वेळ कळते.” मग बहिणीकडे वळून म्हणाले, “छोटे, ते तुकडे पुसून टाक. ‘झालं’च्या आधीचं हवं तेवढं दाखव, मी किती छान चाललोय त्यात. तुम्ही दोघी गप्प राहिलात तर सोमवारी मी वर असेन. एकदा तरी वर बसू दे मला.”

वन्संनी आजवर एक टेप पुसलेली नाही, लग्नातल्या त्या बुटाचीसुद्धा. त्या म्हणाल्या, “सगळं पुसते. प्रदर्शनच नको. पण तू वर चढू नकोस.”

शेवटी हे म्हणाले, “उद्या मुकादमाला मीच सांगतो. तुमच्यापैकी कुणी मध्ये पडू नका.”

दुसऱ्या दिवशी वन्सं सकाळपासून आमच्याकडे येऊन बसल्या. बॅग खुर्चीवर. मी केस सारखे केले नाहीत, एवढं मला नंतर जाणवलं. दुपारी हे आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “सांगितलं. त्यांनी समजून घेतलं.”

वन्संनी डोळे मिटून श्वास सोडला. मी नाही सोडला. तो मुकादम मी ओळखते. बाप गेला म्हणून सुट्टी मागणाऱ्याला त्याने ‘कधी जाळणार, त्याआधी पाळी करून जा’ म्हणून सांगितलेलं आहे. तो माणूस आजवर कुणाला समजून घेऊन बसलेला नाही. मी फोन उचलला आणि ह्यांच्यासमोरच लावला. ह्यांनी मला थांबवलं नाही.

“आले होते की,” मुकादम म्हणाला. “चहा झाला, गप्पा झाल्या. सोमवारी सात वाजता वर चढायचंय म्हणून सांगितलंय. का हो, काय झालं?”

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते फरशीकडे बघत होते. एरवी माझी जीभ कुणाला आवरत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझ्याबद्दल म्हणतात आणि ते खरंच आहे. मी एका वाक्यात सगळं सांगून मोकळी झाले असते. पण हे सांगणं त्यांचं होतं. ते मी सांगितलं असतं तर त्यांच्याकडे स्वतःचं म्हणून काहीच उरलं नसतं. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

त्याच वेळी वन्सं उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. माझ्या मनात आलं, गेली. दाराच्या फटीतून कॅमेऱ्यात घेणार. याहून खरं शेपूट तिला जन्मात मिळायचं नाही.

ह्यांनी फोन घ्यायला उजवा हात पुढे केला, सवयीने, आणि तो थरथरायला लागला. ते त्या हाताकडे बघत राहिले. मी फोन त्यांच्या कानाला लावला आणि धरून ठेवला.

“साहेब, मीच बोलतोय,” हे म्हणाले. आवाज असा, जणू मशीनमधला बिघाड कळवताहेत. “मघाशी आलो होतो ते हेच सांगायला. जमलं नाही. माझा उजवा हात ऐकत नाही. आजार आहे. सोमवारी मला वर पाठवू नका.” पलीकडून काहीतरी बोलणं झालं. “नाही, थोड्या दिवसांचं नाही. कायमचं.” पुन्हा तिकडून काहीतरी. “नको, खालच्या क्रेनवरही नको. लोकांच्या डोक्यावर वजन टांगायचं काम मी आता करणार नाही. नको. उद्या येऊन चावी देतो.”

मी फोन खाली ठेवला तेव्हा माझा हात भरून आला होता. मी ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि तरतरा स्वयंपाकघरात गेले, कारण राग कुठेतरी काढायला हवा होता आणि वन्संइतकं सोयीचं माणूस मला दुसरं नाही.

कॅमेरा तिथे नव्हता. बॅग बाहेर खुर्चीवरच होती, चेन लावलेली, मीच तिच्या शेजारून आत आले होते. वन्सं ओट्याशी जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. बाहेरचा शब्द कानावर येऊ नये म्हणून दोन्ही कान तळहातांनी घट्ट दाबून धरलेले, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ओठ आवळून त्या रडत होत्या.

मी खाली बसले आणि त्यांच्या कानांवरचा एक हात हळूच काढला.

“वन्सं,” मी म्हटलं, “बाहेर चला. ते एकटेच बसलेत.”